ओटी, खळे आणि वीस मिनिटे: साथीच्या काळात लहान मुलांशी कसे खेळावे

मार्च २०२० मधला शिमगा उरकला, पालखी देवळात परतली आणि पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या दापोली तालुक्यातल्या वाडीचे सगळे व्यवहार थांबले. अंगणवाडी बंद झाली, एसटी बंद झाली, बंदरावरचा मासळीचा लिलावही थांबला. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि मुलगी आठ महिन्यांची. मुलांना घरात गुंतवून ठेवण्याच्या युक्त्या त्या दिवसांत मोबाईलवर रोज येत असत. मीही सुरुवातीला त्या इमानाने करून पाहिल्या. रंगीत कागद आणि चमकीचा गोंद बाजारात मिळत नव्हता, म्हणून लग्नपत्रिका कापल्या, जुन्या वह्यांचे पुठ्ठे काढले. अर्धा तास खपून मांडलेली युक्ती दहा मिनिटांत संपत असे आणि मुलगा पुन्हा माझ्या ओच्याला धरून चुलीपासून विहिरीपर्यंत मागे मागे फिरत असे.

मुलाला गुंतवणे आणि मुलाशी खेळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी उमगले. गुंतवण्यात आपली सुटका हा हेतू असतो आणि तो मुलाला लगेच कळतो. खेळण्यात आपण थोडा वेळ का होईना त्याच्या ताब्यात जातो. रोजचा क्रम मोडला, शेजारची मुले दुरावली आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरची काळजी वाढली, म्हणजे लहान मूल नेमके हे दुसरे मागत असते. पुढील पायऱ्या जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी लिहिल्या आहेत. संदर्भ कोविडच्या दोन वर्षांचा असला, तरी गोवर-कांजिण्यांमुळे मूल पंधरा दिवस घरात अडकले असतानाही त्यांतल्या बहुतेक गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली पायरी: वेळ बांधून घेणे

दिवसभर मुलाशी खेळत राहणे कोणत्याही पालकाला जमत नाही आणि त्याची गरजही नसते. दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस मिनिटे, पूर्ण लक्ष देऊन खेळावे. ही वीस मिनिटे घड्याळाला न बांधता दिवसातल्या एखाद्या घटनेला बांधावीत, कारण चार वर्षांच्या मुलाला साडेदहा म्हणजे काय ते कळत नाही, पण ‘गुरे सोडली की’, ‘आजीचा चहा झाला की’ किंवा ‘दिवेलागणीच्या आधी’ हे पक्के कळते. आमच्या घरी यासाठी एक जुनी चटई ठरवली होती. ती अंथरली की खेळ सुरू आणि गुंडाळली की खेळ संपला. गुंडाळण्याआधी ‘आणखी दोनदा बोट सोडायची, मग चटई गुंडाळायची’ अशी पूर्वसूचना द्यावी आणि गुंडाळण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. खेळ मोडताना होणारे रडणे याने बरेच कमी होते. पूर्ण थांबते असे मात्र मी म्हणणार नाही.

या वेळात मोबाईल खोलीबाहेर असावा. उपडा करून शेजारी ठेवलेला मोबाईलही चालत नाही, कारण तो थरथरला की आपली नजर तिकडे जाते आणि मूल त्या नजरेचा पाठलाग करते. घरून नोकरी करणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. रेंज मिळावी म्हणून लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे उंचावरच्या उघड्या कातळावर, जाऊन बसणारी माणसे मी रोज पाहत होते. अशा पालकाने दुपारी पाच मिनिटांसाठी येऊन जाण्यापेक्षा सकाळचा एकच तुकडा अखंड द्यावा. एकत्र कुटुंबात आजी, काका, आत्या यांनी पाळी वाटून घ्यावी. मात्र खेळणे हे बायकांच्या कामांच्या यादीतले आणखी एक काम होऊन बसू नये, एवढे पुरुषांनी पाहावे.

दुसरी पायरी: जागा पारखणे

कोविडचा विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लागून संसर्ग होण्याचा धोका त्या मानाने बराच कमी असतो, हे कालांतराने स्पष्ट झाले. सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही तर भाजीच नव्हे, मुलाने वेचून आणलेले शिंपलेसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवत होतो. आता एवढे करण्याचे कारण नाही. खेळापूर्वी आणि खेळानंतर साबणाने हात धुतले तरी पुरते. श्वसनमार्गाच्या साथीत खरा फरक हवेने पडतो. कोकणातल्या जुन्या घरांचा येथे फायदा आहे. खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, आणि पडवी या उघड्या जागा खेळासाठी सर्वांत चांगल्या, त्यानंतर ओटी, म्हणजे घराचा पुढचा ओसरीसारखा भाग. बाहेरचे कोणी आले असेल, तर खिडक्या नसलेल्या माजघरात मुलांना एकत्र बसवू नये. वाडीत आजार नसेल आणि नियमांची मुभा असेल, तर दोन-तीन घरांतल्या मुलांचा ठरलेला गट करून त्यांना उघड्यावर खेळू द्यावे. गट मात्र रोज बदलू नये.

टाळेबंदीच्या दिवसांत मोठी माणसे थकलेली असतात आणि मुले घराभोवती जास्त वेळ असतात, म्हणून अपघाताचा विचार आधीच करावा. विहिरीला कठडा नसेल तर जाळी किंवा फळ्या टाकाव्यात. बादली, पिंप आणि घमेल्यातले पाणी वापर झाला की ओतून टाकावे, कारण रांगणारे मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटी, लाकडांची रास आणि पातेऱ्याचे ढीग फुरसे या विषारी सापाच्या आवडीच्या जागा आहेत. खेळाची जागा त्यांपासून दूर असावी आणि तेथील पालापाचोळा रोज झाडून काढावा. पावसात साचलेल्या पाण्यात, विशेषतः गोठ्याजवळच्या, अनवाणी खेळू देऊ नये. उंदीर-गुरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची लागण पायावरच्या लहानशा जखमेतूनही होते. जून-जुलैत समुद्र कितीही जवळ असला, तरी खेळाच्या यादीत तो धरू नये.

तिसरी पायरी: खेळणी जमवणे

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातली पाने, बिया, शिंपले आणि माती वापरण्यावर त्यांचा भर होता. बोर्डीही कोकणच्याच किनाऱ्यावर आहे, आपल्या उत्तर टोकाला. आपल्याकडे विकत आणण्याजोगे फारसे काही नसते, ही तक्रार मला त्यानंतर करवत नाही.

नारळाच्या करवंट्या हे माझ्या मते सर्वांत उपयोगी खेळणे आहे. कडा घासून गुळगुळीत केलेल्या आठ-दहा करवंट्या वर्षभर पुरतात. आठ महिन्यांची मुलगी त्या एकमेकींवर आपटत असे आणि साडेतीन वर्षांचा मुलगा त्यांत पाणी, वाळू, तांदूळ मोजत असे; कधी त्या होड्या होत, कधी टोप्या, कधी उलट्या ठेवून त्यांवरून पाय टाकत जाण्याची वाट. त्याखालोखाल पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण. वाडीत गळून पडलेल्या विरीवर एक मूल बसते आणि दुसरे तिला ओढते. आपल्या आजोबांनीही हे केलेले असते, त्यामुळे तिथे आजोबा आपसूक खेळात येतात. झावळीच्या पात्यांचे साप आणि भिंगऱ्या, तिसऱ्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, मोठे शिंपले, शेताच्या बांधाची चिकणमाती, झाकणाचे रिकामे डबे, जुन्या साडीचा तुकडा आणि दोन-तीन पुठ्ठ्याची खोकी एवढे जमले की साहित्य पुरे झाले. सगळे एकदम समोर मांडू नये. चार वस्तू बाहेर ठेवाव्यात, बाकीच्या टोपलीत झाकून माळ्यावर टाकाव्यात आणि आठवड्याने अदलाबदल करावी. आठ दिवस न दिसलेली करवंटी पुन्हा नवी होते.

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती काय द्यायचे नाही, याची मोजणी सोपी आहे. सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या तोंडात जी वस्तू पूर्ण मावते, ती त्याच्या घशातही अडकू शकते. चिंचोके, सागरगोटे, सुपाऱ्या, लहान कवड्या आणि गोट्या या हिशेबाने बाद होतात. घरात मोठे भावंड असेल, तर त्याच्या चिंचोक्यांच्या खेळाची जागा उंचावर, म्हणजे बाकावर किंवा टेबलावर ठरवावी. गुंजा दिसायला मोहक असल्या तरी अतिशय विषारी आहेत. त्या, एरंडाच्या बिया, धोतरा आणि कण्हेर खेळात मुळीच येऊ देऊ नयेत. ओल्या काजूबियांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, हे आपल्याला ठाऊक असते. मुंबईहून आलेल्या भाचरांना ते ठाऊक नसते, म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. सॅनिटायझरची बाटली हेही खेळणे नव्हे. त्यातले अल्कोहोल पोटात गेले तर लहान मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते. ती औषधांबरोबर उंच फळीवर ठेवावी.

चौथी पायरी: खेळायला बसल्यावर काय करावे

आपण बहुतेक पालक चुकतो ते येथे. चटई अंथरली की आपल्यातला मास्तर जागा होतो. मुलगा करवंटीची होडी पाण्यात सोडतो आणि आपण विचारतो, ‘होडीचा रंग कोणता? किती होड्या आहेत? एक, दोन, पुढे?’ मूल दोन प्रश्नांची उत्तरे देते आणि तिसऱ्या प्रश्नाला उठून जाते. मीही कित्येक दिवस हेच केले आणि वर मुलाचे लक्ष टिकत नाही अशी तक्रारही केली.

त्याऐवजी चार गोष्टी याच क्रमाने कराव्यात. आधी मुलाच्या उंचीला येऊन खाली बसावे आणि एक मिनिटभर काही न बोलता ते काय करत आहे ते पाहावे. मग जे दिसते तेवढेच शब्दांत सांगावे: ‘होडी दगडाला अडकली.’ त्यानंतर थांबावे, आणि ही पायरी सर्वांत कठीण आहे, कारण मोठ्या माणसाला शांतता सोसवत नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. मूल काही बोलले, हसले किंवा वस्तू पुढे केली, की त्याच धाग्याला आपल्याकडून थोडी भर घालून ते परतवावे.

आमच्या घरी एका संध्याकाळी हे असे घडले:

‘आई, बोट बुडाली.’

‘बुडाली?’

‘हो. तिने खूप मासे खाल्ले.’

‘अगोबाई! आता तिचे पोट दुखत असेल.’

तो थोडा वेळ करवंटीकडे बघत राहिला. ‘तिला ओवा दे,’ म्हणाला. पुढची वीस मिनिटे बोटीचा दवाखाना चालला. त्यात मोजणी आली, बोलणे आले, एका करवंटीत किती पाणी मावते हेही आले, आणि मी एकही प्रश्न परीक्षेसाठी विचारला नव्हता.

बोलू न लागलेल्या बाळाशीही हाच क्रम चालतो. बाळाने हुंकार दिला की आपण तसाच हुंकार द्यावा, थांबावे, त्याची पाळी येऊ द्यावी. पदराआड चेहरा लपवून पुन्हा दाखवणे हे सहा महिन्यांनंतर बाळाला न कंटाळता खेळता येणारे काम आहे, आणि डोळ्यांसमोरून गेलेला माणूस परत येतो ही समज त्यातून पक्की होत जाते. साथीच्या दिवसांत या खेळाचे मोल वाढते. त्याचे कारण शेवटच्या पायरीत येईल.

मूल एकच खेळ सलग पंधरा दिवस मागत असेल, तर तो पंधरा दिवस खेळावा. बाहेर सगळे बदललेले असताना एखादी गोष्ट रोज तशीच घडते, यात त्याला आधार वाटतो. आपण कंटाळतो हे खरे. तेवढा कंटाळा सोसावा.

पाचवी पायरी: घरकामात मुलाला घेणे

वीस मिनिटांखेरीज उरलेल्या दिवसाचे काय, हा प्रश्न राहतोच. मुलाला कामापासून दूर ठेवले तर काम आणि मूल दोन्ही अडतात. कामातला एक खराखुरा तुकडा त्याच्या हाती दिला तर वेळ दुप्पट लागतो, पण शांततेत जातो. तुकडा खोटा असू नये. रिकाम्या भांड्यात पळी ढवळायला दिली तर मुलाला ती फसवणूक कळते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे अशा कामांना तोटा नसतो. आंब्याच्या पेटीत पेंढा अंथरणे, पिकलेला आंबा वासावरून ओळखणे, रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून झाल्यावर साले उन्हात एकेक करून पसरणे ही कामे तीन वर्षांचे मूल करू शकते. फणसाचे गरे काढून झाले की आठळ्या धुऊन लहान-मोठ्या अशा वेगळ्या करण्यात माझ्या मुलाची अख्खी दुपार जात असे, आणि रात्री त्या भाजून खाताना ‘ही मी निवडलेली’ असे तो प्रत्येक आठळीला म्हणत असे. पावसाळ्यात रोवळीत तांदूळ धुणे, कुळीथ निवडणे, पडवीतले वाळत घातलेले कपडे जोडीने घडी करणे. तिसऱ्या धुताना पाण्याला येणारा आवाज ऐकायला लावावा, उघड्या आणि मिटलेल्या वेगळ्या करू द्याव्यात; विळी आणि चूल यांची रेघ मात्र जमिनीवर खडूने आखून ठेवावी.

गणपतीच्या दिवसांत, २०२० साली, आरत्यांना घरोघर जाणे बंद होते. मुलगा चिकणमातीचा गणपती करत बसला. सोंड तीनदा गळली. चौथ्या वेळी त्याने सोंडेऐवजी एक लांब शेंग खोचली आणि मूर्ती पूर्ण झाल्याचे जाहीर केले. दुरुस्त करण्याचा मोह मला फार झाला. अशा वेळी हात मागे बांधावेत.

सहावी पायरी: अंग हलवणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांपैकी तासभर तरी दम लागेल अशी. न रांगणाऱ्या बाळाला जागे असताना दिवसभरात एकूण अर्धा तास पालथे खेळवावे. तीन तास ऐकून घाबरू नये; खळ्यातून विहिरीपर्यंतच्या फेऱ्याही त्यात धरल्या जातात.

खळे मोकळे असेल तर बोलायलाच नको. कोळशाने आखलेल्या रेघेवरून चालणे, करवंट्यांच्या वाटेवरून पाय टाकणे, चार वर्षांनंतर लंगडी, आणि दोन मोठी माणसे असतील तर विरीची गाडी. पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा ओटीवर गोधड्यांचे डोंगर करावेत, पाटाखालून रांगावे, बेडकासारखे, खेकड्यासारखे, बगळ्यासारखे चालावे. खेकड्याची तिरकी चाल मोठ्यांना जमत नाही आणि मुलांना त्याचा परमानंद होतो. झोपेच्या आधी तासभर मात्र धावपळ नको.

सातवी पायरी: साथ खेळात आली तर

एके दिवशी मुलाने बाहुलीच्या नाकात काडी घातली, तिला खोक्यात टाकले आणि ‘चौदा दिवस बाहेर यायचे नाही’ असे दरडावले. सासूबाईंना ते अभद्र वाटले. मला वाटते, त्याला जे समजत नव्हते ते तो हाताने करून पाहत होता. मुले भीतीचे बोलत नाहीत, ती भीती खेळतात, आणि खेळात अधिकार त्यांच्याकडे असतो: कोणाला कोंडायचे, कोणाला सोडायचे, हे तेथे तेच ठरवतात. म्हणून पोलीस, स्वॅब, रुग्णवाहिका, अगदी बाहुलीचे मरणही खेळात आले तरी थांबवू नये. जवळ बसावे आणि हळूच विचारावे, ‘बाहुलीला आता काय हवे आहे?’ तेवढ्याने खेळ बहुधा पुढे सरकतो. पाणी दिले जाते, गोधडी पांघरली जाते. तोच प्रसंग दिवसेंदिवस त्याच ताणाने येत राहिला आणि त्यात सुटकाच नसली, तर आपण एखादे पात्र होऊन आत जावे, डॉक्टर किंवा परत आलेली आजी, आणि पर्याय सुचवावा.

‘आजोबा मरणार का?’ असा प्रश्न खेळातच येतो, भांडी मांडताना, मान वर न करता. उत्तर तितक्याच साधेपणाने द्यावे. खोटे आश्वासन देऊ नये: ‘आजोबा आजारी आहेत, डॉक्टर औषध देत आहेत, आपण रोज चौकशी करतो.’ वारलेल्या माणसाला ‘झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ म्हणू नये, नाहीतर मूल झोपायला आणि गावाला जायला घाबरू लागते.

नियमही खेळातून शिकवता येतात. साबण लावून वीस सेकंद हात चोळायचे असतात. मुलाच्या आवडीच्या गाण्याचे एक कडवे दोनदा म्हटले की साधारण तेवढा वेळ होतो. मास्कच्या बाबतीत पाच वर्षे व त्याखालील मुलांना तो लावण्याची गरज नाही, असे भारतातील आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन होते. दोन वर्षांखालील बाळाला तर तो कधीच लावू नये, कारण जीव गुदमरण्याची भीती असते. मोठ्यांच्या झाकलेल्या चेहऱ्याची मात्र बाळाला सवय करून द्यावी लागते: आरशासमोर बसून मास्क वर-खाली करावा आणि मास्कच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांवरून आई हसते आहे की रागावली आहे ते ओळखायला लावावे.

मोबाईलविषयी थोडेसे

दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे वर उल्लेखलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. साथीत हे पाळताना आमची त्रेधा उडाली, ते लपवत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने आमच्या भागातली वीज कित्येक आठवडे नेली आणि प्रश्न आपोआप सुटला. एवढ्या खर्चिक उपायाची शिफारस अर्थात कोणी करणार नाही. मुंबईतल्या आजी-आजोबांशी होणारे व्हिडिओ कॉल वेगळे धरावेत, कारण त्यांत समोरून उत्तर येते. मुलाला ‘बोल, बोल’ म्हणत पडद्यासमोर उभे करण्याऐवजी दोन्हीकडे एकच वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ पोळी, आणि दोघांनी एकाच वेळी खावी. पाच मिनिटे पुरेत.

आठवी पायरी: खेळ थांबला तर

साथीच्या ताणात मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, अंगठा चोखते, एकटे झोपत नाही. हे बहुतेक वेळा तात्पुरते असते. त्यावरून हिणवू नये. पण मूल दोन-तीन आठवडे खेळतच नसेल, खाणे-झोपणे बिघडलेले असेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावे. शब्द गमावण्याच्या बाबतीत तर थांबूच नये. पालकाचे स्वतःचे मन खचले असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि ज्या दिवशी घरात दुखवटा असेल किंवा अंगात ताप असेल, त्या दिवशी चटई न अंथरता नुसते शेजारी पडून राहिले तरी चालते. ‘आज आईला बरे नाही, तू माझी डॉक्टर हो’ असे सांगून पडल्या पडल्या खेळता येणारा हा एकमेव खेळ मी मनापासून सुचवते.

नववी पायरी: आई किंवा बाबा विलगीकरणात असतील तेव्हा

मे २०२० मध्ये मुलांचे बाबा मुंबईहून आले, तेव्हा चाकरमान्यांना चौदा दिवस गावच्या शाळेत राहावे लागत होते. शाळा आमच्या घरासमोर, पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे. मुलाला बाबा दिसत होते आणि जवळ जाता येत नव्हते. ‘उद्या येतील’ म्हणून वेळ मारून नेणे पहिल्या दोन दिवसांत फसले. मग चौदा शिंपले एका परडीत ठेवले आणि रोज दिवेलागणीला एक शिंपला दुसऱ्या परडीत टाकायचा असे ठरवले. मोठ्या आकड्यांची समज नसलेल्या मुलालाही पहिली परडी रिकामी होत चालल्याचे दिसते. अवधी वाढला, तर मुलासमोरच, कारण सांगून शिंपले वाढवावेत. गुपचूप टाकू नयेत.

दुरून खेळण्याचे प्रकार आधी ठरवावे लागतात. दुपारी चारच्या उन्हात बाबा शाळेच्या पडवीतून आरशाने कवडसा पाडत आणि मुलगा खळ्यातून स्टीलच्या ताटलीने उत्तर देत असे. तीनदा चमकले की ‘जेवलो’, सतत हलले की ‘नाच’. सूर्याकडे पाहायचे नाही आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पाडायचा नाही, हे दोन नियम पहिल्यांदा पाठ करून घ्यावेत. आजारी माणूस घरातच वेगळ्या खोलीत असेल, तर दाराबाहेर बसून आवाजाचे खेळ खेळता येतात: आत वाजवलेला ताल बाहेर तसाच वाजवणे, एकाने गोष्टीचे एक वाक्य सांगून दुसऱ्याने पुढचे सांगणे. रात्री टॉर्चच्या उजेडात भिंतीवर हाताच्या सावल्या. काड्यापेटीचा फोन साथ चालू असेपर्यंत टाळावा, कारण पेट्यांची अदलाबदल होऊन एकच खोके दोघांच्या तोंडाजवळ जाते. प्रत्येकाची पेटी ठरलेली असेल आणि अदलाबदल होणार नसेल तरच चालेल.

परत येण्याचीही तयारी लागते. मोठा मुलगा धावत जाऊन बिलगला, पण दहा महिन्यांची धाकटी बाबांना पाहून किंचाळून रडली, आणि त्यांचा चेहरा पडला. या वयात बाळे अनोळखी चेहऱ्याला घाबरतात आणि चौदा दिवस त्यांच्या दृष्टीने फार मोठे असतात. हा राग नसतो आणि विसरणेही नसते. अशा वेळी बाळाला ओढून घेऊ नये, ‘बाबा आहेत ना ते’ असे समजावत त्यांच्या हाती देऊ नये. आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, बाळाच्या दृष्टीच्या टप्प्यात पण थोडे बाजूला तोंड करून बसावे आणि काहीतरी खेळत राहावे. मुलांच्या बाबांनी ओटीवर बसून करवंट्यांचा मनोरा रचायला घेतला. पहिल्या दिवशी ती माझ्या खांद्यावरून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी रांगत अर्ध्या ओटीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी येऊन तिने मनोरा पाडला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा रचला, आणि तिने पुन्हा पाडला.